प्रवासी आत असेपर्यंत

"पुढे चला, पुढे चला. पुढे सगळी गाडी रिकामी आहे," कंडक्टर म्हणाला आणि हात पसरून चारही कोंबड्यांना नळापासून भिंतीकडे नेऊ लागला. तिघी मुकाट सरकल्या. चौथी, काळी, त्याच्या दोन पायांमधून निसटून पुन्हा नळाखाली जाऊन उभी राहिली.

"ही फुकटी! रोजचंच आहे हिचं," तो म्हणाला. "चेकर चढला की कळेल हिला."

दारात उभी राहून त्याची बायको पिशवीत डबा कोंबत होती. गल्लीत तिला सगळे कंडक्टरीणबाई म्हणत. ती स्वतः दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी पिळून पिळून मनगटं झिजवत होती, पण गल्लीने हुद्दा दिला तो नवऱ्याचाच. तिनेही कधी हरकत घेतली नाही.

"अहो, मी निघते. दूध आणि पाव झाकून ठेवलाय. ऊन चढलं की आत या."

"गाडी भरलेली असताना आत कसा येऊ?" तो म्हणाला. "अगं, तू जा. तुझी ड्युटी चुकेल."

या 'अगं'वर बाईंचा सगळा दिवस निघायचा. त्याला तिचं नाव आठवत नसे. मुलगा परदेशी आहे हे आठवत नसे, जेवलो की नाही हेही आठवत नसे. पण दारात उभी असलेली ही बाई आपली आहे आणि हिला 'अगं' म्हणायचं असतं, एवढं कुठेतरी शाबूत होतं. तेवढ्यावर ती उद्याचा दिवस काढायला तयार होती.

जिन्यावरून मालकीणबाईंचा आवाज आला. "कंडक्टरीणबाई, आज?"

"आज नाही हो."

"काल पण नाहीच म्हणालात."

"थंडी पडलीय ना. थंडीत जरा आखडतात."

"आखडतात की आटल्यात?" मालकीणबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

तर गोष्ट अशी होती. घर मालकीणबाईंचं, खालच्या दोन खोल्या भाड्याने, आणि मागचं अंगण कुणाच्याच करारात नव्हतं. कंडक्टर निवृत्त झाला तेव्हा विरंगुळा म्हणून त्याने कोंबड्यांची पिल्लं आणली. मालकीणबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत, कारण पिल्लं मोठी झाल्यावर रोज सकाळी एका वाटीतून अंडी वर जाऊ लागली. अंडी वर जात होती तोवर अंगणातला वास काही वर गेला नाही. आता कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या, वाटी रिकामी राहू लागली आणि मालकीणबाईंना वास यायला लागला. उंदीर दिसायला लागले. भाच्याची गाडी लावायला जागा नाही, हेही आठवायला लागलं.

बाईंनी करायचं ते सगळं करून पाहिलं होतं. खुडूक झाल्या असतील म्हणून खुराडं उन्हात हलवलं. दाण्यांत टरफलांचा चुरा मिसळला. खुराड्यात बल्ब लावला. शेवटी दुकानातली अंडी आणून वाटीत घालून वर पाठवली. मालकीणबाईंनी एक अंडं उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "आपली तांबूस असायची हो. ही पांढरीफटक कुठून आणलीत?" बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आजवर कुणाला फसवलं नव्हतं, आणि फसवायला गेल्या तर तेही नीट जमलं नाही.

"महिनाअखेरपर्यंत बघा," मालकीणबाई म्हणाल्या. "एकतर अंडी, नाहीतर अंगण मोकळं. नाहीतर मग खोल्याही मोकळ्या करा. मी काही दुष्ट नाही, पण मलाही माझं बघायला हवं."

दुष्ट त्या खरंच नव्हत्या. कोंबड्या गेल्या तर काय होईल, हे त्यांना माहीत नव्हतं एवढंच.

ते फक्त बाईंना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी कंडक्टरचं डोकं भरकटायला लागलं, तेव्हा तो घरातून निघून जायचा. एकदा बाजारात सापडला, एकदा डेपोच्या भिंतीशी, एकदा भर रस्त्यात मधोमध, मागे गाड्यांची रांग. धुलाईखान्यात निरोप यायचा आणि बाई ओल्या हातांनी धावत सुटायच्या. मुकादमाने दोनदा ऐकून घेतलं आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "बाई, पुन्हा असं झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." त्या पगारावर घर चालत होतं. कुणाला सांभाळायला ठेवायचं म्हटलं तर पगार सगळा त्या माणसाच्याच हातात द्यावा लागला असता.

आणि मग एका सकाळी तो अंगणात आला, कोंबड्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चला, पुढे सरका." त्या दिवसापासून त्याने फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. अंगण म्हणजे त्याची गाडी झाली. आयुष्यभर पाळलेला नियम त्याच्या हाडात होता. प्रवासी आत असेपर्यंत कंडक्टर गाडी सोडत नाही. पाऊस असो, दंगल असो, ड्रायव्हर उतरून पळून गेलेला असो. संध्याकाळी कोंबड्या आपणहून खुराड्यात शिरल्या की तो दाराला कडी घालायचा, "गाडी डेपोत लागली" म्हणायचा आणि शहाण्यासारखा घरात येऊन बसायचा. तोवर बाई कामावरून परतलेल्या असायच्या.

तेव्हा अंडी न देणाऱ्या या चार म्हाताऱ्या कोंबड्या बाईंचा नवरा सांभाळत होत्या. पण हे कुणाला सांगणार? सांगितलं तर लोक हसतील, नाहीतर रडतील, आणि दोन्हींचा बाईंना तेवढाच कंटाळा होता.

रविवारी दुपारी नणंद आली. ती शिवणकाम करायची. टेप गळ्यातच राहून गेली होती. थोरला भाऊ अंगणात दिसताच ती त्याच्याजवळ गेली. "दादा, मी आलेय."

कंडक्टरने तिला वर-खाली पाहिलं. "बसा बाई, बसा. खिडकीजवळ जागा आहे."

नणंद आत आली आणि ओट्याशी उभी राहून डोळे पुसत राहिली. चहा झाला तेव्हा तिचं रडू ओसरलं आणि शहाणपण परत आलं. तिचं नेहमी या क्रमाने व्हायचं.

"वहिनी, त्याला कुठेतरी ठेवायला हवं आता."

"मी बघून आले एक ठिकाण."

"मग?"

"खुर्च्यांना कापडी पट्टे होते," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे येतात धुवायला तसले. दवाखान्यात माणसं फार उठायला लागली की त्यांनी बांधतात. मी ते रोज धुते, वन्सं. त्यांना काय काय लागलेलं असतं ते मला विचारा. मी यांना बांधून नाही ठेवणार, कोंडून नाही ठेवणार. माझ्या जिवात जीव आहे तोवर तरी नाही."

"अहो, मग कोंबड्यांचं काय करणार? मालकीणबाई तर ऐकायला तयार नाहीत."

हाच विचार करून करून बाईंचं डोकं फुटायची वेळ आली होती. कापायच्या तर उद्यापासून नवरा रस्त्यावर. ठेवायच्या तर घर रस्त्यावर. त्यांना रडू आलं, आणि ते कोंबड्यांसाठी नव्हतं, नवऱ्यासाठीही नव्हतं. आपल्या वाट्याचा विचार करायलासुद्धा दुसरं कुणी नाही, याचं होतं.

नणंद मात्र कापड बेतावं तशी बोटांनी ओटा मोजत होती. मग एकदम थांबून म्हणाली, "बदली करा."

"कसली?"

"जुन्या द्या, नव्या आणा. तो चिकनवाला तलंगा ठेवतो ना? अंड्यावर यायला टेकलेल्या, कोवळ्या. म्हाताऱ्या त्याला द्या, चार तलंगा घेऊन या. वर अंडी जातील. खाली दादाला प्रवासी मिळतील. कुणालाच काही कळणार नाही."

"यांना कळलं तर?"

नणंद हसली. ते हसणं काही बरं नव्हतं. "वहिनी, मी सख्खी बहीण. मला खिडकीजवळ बसवलं त्याने. मी ओळखू येत नाही, तिथे कोंबड्या काय ओळखणार तो?"

हे बोलणं बिनतोड होतं. दोघींनी त्यावर आणखी एकेक कप चहा घेतला आणि बाईंना किती दिवसांनी जरा हलकं वाटलं.

सोमवारी पहाट फुटायच्या बेताला त्या अंगणात गेल्या. अंधारात कोंबड्या ओरडत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. एकेकीला पंखांवरून धरून त्यांनी डालग्यात ठेवलं आणि वर फाटकी चादर बांधली. सगळ्यात शेवटी फुकटी. तिला हातात घेतलं तेव्हा ती बाईंच्या पोटाशी अशी बिलगली की बाई दोन मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. आजवर या कोंबडीने त्यांना फक्त ताप दिला होता. सकाळी लवकर निघायच्या वेळी नेमकी तीच भिंतीवर चढून बसायची. "आता कशाला माया लावतेस?" त्या पुटपुटल्या आणि तिलाही आत घातलं.

चिकनवाला दुकान धुवत होता. त्याने चादर बाजूला करून एकेकीची छाती चाचपली. "जून झाल्यात, मावशी. शिजता शिजत नाहीत अशा. पण हॉटेलवाला नेतो रश्शाला. आणि हिच्यात तर काहीच नाही, नुसती पिसं." ही फुकटी.

"तलंगा चांगल्या द्या."

"आठवड्या-दोन आठवड्यांत अंड्यावर येतील. नाही आल्या तर मला धरा." मग तो जरा थांबला. "तुम्ही जा, मावशी. तुमच्या देखत नाही करत मी."

बाई गेल्या. दुकानात मागे काही आवाज झाला की नाही, ते त्यांनी ऐकलं नाही. ऐकू येऊ नये म्हणून त्या मोठ्याने खोकत चालल्या होत्या.

घरी येऊन त्यांनी तलंगा अंगणात सोडल्या. चारही पांढऱ्या, तुकतुकीत, भेदरलेल्या. जिन्यावरून मालकीणबाईंनी पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी हसून मान डोलावली. बाईंनी चहा टाकला, डबा भरला, नवऱ्याला उठवलं.

कंडक्टर तोंड धुऊन अंगणाच्या दारात आला आणि उंबऱ्यावरच थांबला. तो 'पुढे चला' म्हणाला नाही. त्याने एकेका कोंबडीकडे नीट पाहिलं, मग नळाकडे, भिंतीकडे, आभाळाकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. परक्या घरात चुकून शिरलेल्या माणसासारखा तो ओशाळला होता.

"माफ करा हं," तो म्हणाला. "चुकीच्या गाडीत चढलो वाटतं."

"अहो, आपलीच आहे. चहा घ्या."

त्याने बाईंकडे वळून पाहिलं. तसंच, ओशाळवाणं. "नाही बाई, ही माझी नाही. माझे प्रवासी वेगळे आहेत. म्हातारी माणसं आहेत, खोळंबली असतील. मला पुढच्या थांब्याला सोडा."

दोन वर्षं जे जाऊ नये म्हणून बाई जपत होत्या, ते एका सकाळीत गेलं होतं. कोंबड्या बदलल्या म्हणून अंगण परकं झालं, अंगण परकं म्हणून घर परकं, आणि त्या घरात दिसणारी बाई म्हणजे कुणीतरी बाई. सख्ख्या बहिणीला जे जमलं नाही ते त्या चार पिसांच्या प्राण्यांना जमत होतं, हे त्यांच्या लक्षात कसं आलं नाही?

तो फाटकाकडे निघाला होता. त्यांनी दंड धरला. त्याने तो हळूच सोडवून घेतला. परक्या बाईच्या हाताला जोर लावायचा नाही, एवढी रीत त्याला होती. "बाई, मला उतरू द्या. ड्युटीवर आहे मी."

तेव्हा बाईंनी ते केलं. त्याला मागे ओढत खोलीत नेलं, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. आतून आधी टकटक झाली, मग थापा, मग खांद्याचे धक्के. "अहो दार उघडा! माणसं खोळंबलीत माझी!" जिन्यावर मालकीणबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक तलंग पकडून पोटाशी धरली आणि त्या धावत सुटल्या.

"भाऊ, माझ्या कोंबड्या!"

चिकनवाल्याने लाकडी ठोकळ्यावरून पाणी ओतलं. "हॉटेलवाला आत्ताच गेला, मावशी."

"सगळ्या?"

"तीन. ती काळी त्याने घेतली नाही. पाठीमागे आहे पिंजऱ्यात." तो बाईंकडे बघत राहिला. "काय झालं? बसा जरा. पाणी देऊ?"

बाई बसल्या नाहीत. तलंग त्याच्या हातात दिली आणि पिंजऱ्यातून फुकटीला काढून घेतलं. तिची एक बाजू पिंजऱ्याने खरचटली होती. धावताना बाई तिच्याशी सारखं बोलत होत्या आणि काय बोलत होत्या ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं.

घरात शांतता होती. बाईंनी कडी काढली तर तो दाराशी जमिनीवर बसला होता. बोटांची सालं निघाली होती. त्याने वर पाहिलं. धुलाईखान्यात रोज ज्या पट्ट्यांवरचे डाग त्या घासत होत्या, ते कसे पडत असतील हे त्यांना आज कुणी सांगायची गरज नव्हती.

"चला," त्या म्हणाल्या. "गाडी आलीय तुमची."

अंगणात त्यांनी फुकटीला खाली सोडलं. तिने अंग झाडलं, पांढऱ्या तिघींकडे एकदा तिरका डोळा केला आणि थेट नळाखाली जाऊन उभी राहिली.

कंडक्टर तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग उंबरा ओलांडून खाली उतरला.

"बाकीचे?" त्याने विचारलं.

"उतरले."

"कुठे?"

"बाजारापाशी."

"तिघंही?"

"हो."

"मला न सांगता?" त्याचा आवाज बारीक झाला. "गाडी चालू असताना म्हातारी माणसं अशी उतरत नाहीत. बेल कोणी दिली?"

काहीतरी सांगता आलं असतं. आपोआप उतरले, ड्रायव्हरने थांबवली, काहीही चाललं असतं, थोड्या वेळात तो विसरलाच असता. पण बाईंना त्याच्याशी आता आणखी एक खोटं बोलवेना.

"मी दिली," त्या म्हणाल्या.

तो रागावला नाही. "तुम्ही द्यायची नाही, बाई," तो समजुतीने म्हणाला. "बेल कंडक्टरने द्यायची असते. नाहीतर माणसं पडतात."

"पुन्हा नाही देणार."

त्याने मान हलवली. मग पांढऱ्या तिघींकडे पाहून जरा विचार केला, आणि नवीन चढलेत तर चढलेत असं ठरवून हात पसरले. "पुढे चला. पुढे गाडी रिकामी आहे." तिघी घाबरून कोपऱ्यात पळाल्या. फुकटी हलली नाही. त्याचे खांदे सैलावलेले बाईंना दिसले. एक तरी जुना प्रवासी आत होता. तो आता कुठे जाणार नव्हता.

म्हणजे आज जाणार नव्हता. फुकटीला श्वास घेताना घरघर होत होती. म्हातारी कोंबडी किती जगते हे बाईंनी कधी कुणाला विचारलं नव्हतं आणि आताही विचारणार नव्हत्या. त्यांनी त्याची बोटं धुऊन त्यावर औषध लावलं. त्याने ती पुढे केली आणि दुसरीकडे बघत राहिला, अनोळखी नर्सपुढे बसल्यासारखा. धुलाईखान्याची वेळ केव्हाच टळली होती. आत्ता निघालं तर मुकादमाचे पाय धरता येण्यासारखे होते. दुपारनंतर तेही नाही.

त्या उठल्या, पिशवी घेतली आणि त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मला दवाखान्यापाशी उतरायचंय," त्या म्हणाल्या.

"आलाच," तो म्हणाला. फाटकाच्या लोखंडी गजावर त्याने सोललेल्या बोटाने, थांबायची बेल द्यावी तसं, एकदा टक केलं. मग बाहेर वाकून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, फाटक उघडलं आणि हात पुढे केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत त्याने तिचा हात कधी धरला नव्हता. आज धरला आणि ती दोन्ही पाय रस्त्यावर टेकेपर्यंत सोडला नाही.

"सावकाश, बाई. घाई नाही."

फाटक लागलं. बाई रस्त्यावर उभ्या राहिल्या. आतून गजावर दोनदा टकटक झाली. गाडी निघाली होती.